तार किती चढवावी? बेंटले मोटारींच्या इंजिनांची कहाणी

तंबोरा जुळवितांना गवई खुंटी पिळतो आणि कान तारेकडे ठेवतो. तार जसजशी ताणली जाते तसतसा सूर चढत जातो. परंतु एका मर्यादेपलीकडे खुंटी पिळली तर सूर चढत नाहीं, तार तुटते. ही मर्यादा कोठें आहे हें तारेवर लिहिलेलें नसतें. तार जाड आहे कीं बारीक, नवी आहे कीं गंजलेली, आणि मैफल घटकाभर चालावयाची आहे कीं रात्रभर, यावर तें अवलंबून असतें. मोटारीच्या इंजिनाची गोष्टहि अशीच आहे. इंग्रजींत तंबोरा जुळविण्यास आणि इंजिनाची शक्ति चढविण्यास ‘ट्यूनिंग’ हा एकच शब्द वापरतात, आणि तो फार समर्पक आहे.

आज शहरांतून असे कारखाने आहेत कीं, जेथें चांगली चालणारी मोटार नेऊन दिली असतां तिची शक्ति वाढवून मिळते. तेथें पायऱ्या ठरलेल्या असतात. पहिल्या पायरीस इंजिनाच्या आंतील गणकयंत्राच्या आज्ञा तेवढ्या बदलतात. दुसऱ्या पायरीस हवा आंत घेण्याच्या आणि धूर बाहेर सोडण्याच्या नळ्या बदलतात. त्यापुढच्या पायरीस खुद्द यंत्राचे अवयवच बदलावे लागतात. घरांतील तरुण चिरंजीव तिसऱ्या पायरीकडे बोट दाखवितात आणि वडील मंडळी म्हणतात कीं, आहे ती मोटार काय वाईट आहे? या घरगुती वादांत पडण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु हाच वाद सुमारें शंभर वर्षांपूर्वीं इंग्लंडांत एका कारखान्यांत झाला. त्यांत पैसा, कीर्ति आणि एका माणसाचें आयुष्यभराचें काम पणाला लागलें होतें. ती हकीकत ऐकली म्हणजे कोणती पायरी घ्यावी या प्रश्नाचा विचार करणें पुष्कळ सोपें होतें.

प्रथम एक साधी गोष्ट समजावून घेऊं. इंजिनाची शक्ति म्हणजे दर क्षणास त्यांत जळणाऱ्या हवेची व पेट्रोलाची शक्ति. ती वाढविण्याचे मार्ग थोडेच आहेत. एक म्हणजे सिलिंडर मोठे करावयाचे, अथवा त्यांची संख्या वाढवावयाची. दुसरा म्हणजे सिलिंडर तेवढेच ठेवून त्यांतील मिश्रण अधिक दाबून जाळावयाचें, इंजिनास अधिक मोकळा श्वास घेऊं द्यावयाचा आणि त्याचे फेरे वाढवावयाचे. तिसरा म्हणजे इंजिन स्वतःच्या बळानें जेवढी हवा ओढतें तेवढीवर समाधान न मानतां एका पंपानें ती बळेंच आंत कोंबावयाची. या पंपास सुपरचार्जर म्हणतात, आणि बोलीभाषेंत ‘ब्लोअर’, म्हणजे आपली फुंकणी.

पहिल्या मार्गानें नवें इंजिनच जन्मास येतें. दुसरा आणि तिसरा हे खरे तार चढविण्याचे मार्ग. त्या दोहोंचीहि किंमत मोजावी लागते. फेरे दुप्पट झाले कीं वरखालीं धांवणाऱ्या पिस्टनाचा ताण दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. मिश्रण फार दाबलें कीं तें ठिणगीची शिस्त मोडून स्वतःच भडकतें आणि इंजिन आंतून हातोडीनें ठोकल्यासारखा आवाज करूं लागतें. फुंकणीनें अधिक हवा कोंबली कीं अधिक उष्णता निर्माण होते, आणि ती पिस्टन व झडपा यांनाच सोसावी लागते.

आतां आपल्या कथेच्या नायकाकडे वळूं. वॉल्टर ओवेन बेंटले यांचा जन्म १८८८ सालीं लंडन येथें झाला. मित्रमंडळी त्यांना त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून ‘डब्ल्यू. ओ.’ म्हणत. त्यांनीं उमेदवारी केली ती मोटारीच्या कारखान्यांत नव्हे, तर डॉनकॅस्टर येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कर्मशाळेंत. आगगाडीचें इंजिन हें महिनोन् महिने ओझें ओढण्यासाठीं बांधलेलें असतें. तें एखादी फेरी विलक्षण वेगानें करून दुसऱ्या फेरीस बंद पडलें, तर त्याचें कौतुक कोणी करीत नाहीं. या शिक्षणाचा ठसा बेंटले यांच्या मनावर कायमचा उमटला.

१९१२ सालीं त्यांनीं आपल्या भावाबरोबर डी. एफ. पी. नांवाच्या फ्रेंच मोटारी लंडनमध्यें विकण्याची एजन्सी घेतली. मोटार बरी होती, पण शक्तीनें बेताची. पुढच्या वर्षीं ते फ्रान्समधील कारखान्यांत गेले असतां तेथें टेबलावर कागद उडूं नयेत म्हणून ठेवलेलें एक लहानसें वजन त्यांच्या दृष्टीस पडलें. त्याचा आकार पिस्टनाचा होता आणि तें ॲल्युमिनियमचें होतें. त्या काळीं मोटारीचे पिस्टन बहुधा बिडाचे असत. ॲल्युमिनियम हलकें, म्हणून फेरे वाढविले तरी ताण कमी. शिवाय तें उष्णता लवकर वाहून नेतें, म्हणून मिश्रण अधिक दाबलें तरी पिस्टन तापत नाहीं. परंतु ही धातु मऊ, आणि इंजिनाच्या धगीपुढें ती टिकणार नाहीं अशी सर्वांची समजूत. बेंटले यांनीं तींत सुमारें बारा टक्के तांबें मिसळून पिस्टन ओतविले, ते त्या फ्रेंच मोटारींत बसविले आणि ब्रुकलँड्स येथील शर्यतीच्या मार्गावर विक्रम केले. १९१४ सालीं मॅन बेटावरील शर्यतींत ते स्वतः ही मोटार घेऊन उतरले आणि सहावे आले. पहिलें महायुद्ध सुरू झाल्यावर हेंच ज्ञान त्यांनीं सरकारच्या हवालीं केलें आणि विमानांच्या इंजिनांतहि तसे पिस्टन आले.

म्हणजे तार चढविण्यास बेंटले यांचा मुळांत विरोध होता असें नव्हे. त्यांची सुरवातच तेथून झाली. मात्र त्यांनीं तार चढविली ती अगोदर तारेची जात सुधारून, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१९१९ च्या आरंभीं बेंटले मोटर्स ही कंपनी स्थापन झाली. लंडनमधील बेकर स्ट्रीटजवळच्या एका गल्लींत, तबेल्याच्या जागेंत, पहिलें इंजिन त्याच वर्षीं चालूं झालें. शेजारीं एक शुश्रूषागृह होतें आणि तेथून आवाजाबद्दल लागलीच तक्रार आली, अशी आठवण सांगितली जाते. चार सिलिंडरांचें हें इंजिन २,९९६ घन सेंटिमीटरचें होतें. म्हणून मोटारीस ‘थ्री लिटर’ हें नांव पडलें. दर सिलिंडरास चार झडपा आणि दोन स्पार्क प्लग होते. त्या काळीं हें ज्ञान शर्यतीच्या गाड्यांपुरतेंच होतें. रोजच्या वापराच्या मोटारींत तें क्वचितच दिसे. १९२१ सालीं पहिली मोटार गिऱ्हाइकाच्या हातीं पडली. कंपनीनें आपल्या यांत्रिक भागांची पांच वर्षांची हमी दिली होती. ही हमी पुढील सर्व कथेची किल्ली आहे. जो कारखानदार पांच वर्षांची जबाबदारी पत्करतो, त्याला खुंटी कितीहि पिळून चालत नाहीं.

गंमत अशी कीं, आजच्या कारखान्यांतील पायऱ्या त्या वेळींहि होत्याच. बेंटले मोटारीच्या तोंडाशीं रेडिएटरवर मिन्याची एक पट्टी असे. तिचा रंग निळा असला तर ती साधी मोटार. शक्ति सुमारें सत्तर अश्वशक्तीची, सांगाडा पुढें लांब केलेला, चार माणसें व सामानसुमान घेऊन दूरच्या प्रवासास निघावयास उत्तम. १९२४ पासून लाल पट्टीची ‘स्पीड मॉडेल’ निघाली. तिला एकाऐवजीं दोन कार्ब्युरेटर, मिश्रण दाबण्याचें प्रमाण वाढवून ५.३ पटीचें आणि सांगाडा आंखूड. त्यावर हिरव्या पट्टीची मोटार. तिचें दाबाचें प्रमाण ६.३ पट, सांगाडा त्याहूनहि आंखूड, अवघ्या नऊ फुटांच्या चाकाअंतराचा, आणि ती ताशी शंभर मैल, म्हणजे सुमारें १६० किलोमीटर, धांवेल अशी कंपनीची हमी. इंजिन तिन्हींत मूळचें एकच.

कोणती पट्टी अधिक खपली? साऱ्या थ्री लिटर मोटारी सोळाशेंहून अधिक बनल्या. त्यांत निळ्या व लाल पट्टीच्या शेंकडों. हिरव्या पट्टीच्या मात्र अवघ्या अठरा. शंभर मैलांचा वेग ऐकावयास सर्वांना आवडे; पण तो मिळवितांना मागची बैठक जाते, सामानाची जागा जाते आणि पेट्रोल पारखून घ्यावें लागतें, हें पैसे मोजतांना लोकांच्या ध्यानांत येई. त्या काळचें पेट्रोल आजच्या मानानें फार हलकें होतें. शिशाचें संयुग मिसळलें असतां पेट्रोल ठोका देत नाहीं हा शोध अमेरिकेंत थॉमस मिज्ली यांनीं १९२१ च्या अखेरीस लावला आणि पेट्रोलाची प्रत मोजण्याचें ऑक्टेनचें माप त्याच दशकाच्या उत्तरार्धांत आलें. तोंपर्यंत दाब वाढविणाऱ्यास बेंझोल मिसळण्यासारख्या युक्त्या कराव्या लागत. तार चढवावयाची तर वाजविणाराचीं बोटेंहि तशीं हवींत. पेट्रोल हलकें असेल तर इंजिनाची चढी तार निरुपयोगी.

बेंटले यांच्या विचाराची खरी परीक्षा झाली ती फ्रान्समधील ल मान्स येथें. १९२३ सालीं तेथें चोवीस तासांची शर्यत सुरू झाली. सार्वजनिक रस्त्यावर, दिवसा आणि रात्रीं, ऊन असो पाऊस असो, चोवीस तास जी मोटार अधिकांत अधिक अंतर तोडील ती विजयी. पहिल्या वर्षीं जॉन डफ यांनीं स्वतःची बेंटले नेली. सोबत कारखान्याचे फ्रँक क्लेमंट होते. उडालेल्या दगडानें टाकीस भोंक पडलें, पेट्रोल वाहून गेलें, तरी ते चौथे आले. बेंटले स्वतः तें पाहावयास गेले होते. जातांना त्यांना ही शर्यत वेडेपणाची वाटली होती. परततांना हीच आपली शर्यत असें वाटूं लागलें. १९२४ सालीं त्याच जोडीनें ती जिंकली.

पुढचीं दोन वर्षें अपयशाचीं. त्यांतील १९२५ चें अपयश मोठें बोधप्रद आहे. त्या वर्षीं ठराविक फेऱ्या होईपर्यंत पेट्रोल भरण्यास मनाई होती आणि आरंभींच्या फेऱ्या कापडी छत चढवून करावयाच्या होत्या. बेंटले यांच्या लोकांनीं पेट्रोलाचा हिशेब केला तो छत उतरवून. छतामुळें वाऱ्याचा अडथळा वाढला, त्यांत प्रतिस्पर्ध्याशीं झुंज लागली, आणि कारखान्याची मोटार पेट्रोल संपून रस्त्यांत उभी राहिली. इंजिन निर्दोष होतें; हिशेब चुकला होता. शक्तीचा हिशेब कागदावर निराळा आणि रस्त्यावर निराळा असतो, तो असा.

१९२७ सालीं व्हाइट हाउस नांवाच्या वळणावर अंधारांत भीषण अपघात झाला आणि बेंटलेच्या तिन्ही मोटारी त्यांत सांपडल्या. दोन तेथेंच राहिल्या. तिसरी, वांकलेला आंस आणि फुटलेला दिवा घेऊन सॅमी डेव्हिस यांनीं बाहेर काढली, आणि तीच मोडकी थ्री लिटर डेव्हिस व डॉक्टर बेंजाफील्ड यांनीं दुसऱ्या दिवशीं दुपारीं पहिली आणून उभी केली. तार अतिशय ताणलेली असती तर त्या धक्क्यानंतर अठरा तास ती वाजली नसती.

याच सुमारास वादाचें बीज पेरलें गेलें. थ्री लिटरचें इंजिन आतां जुनें होत चाललें होतें. अधिक शक्ति हवी होती. बेंटले यांचें उत्तर आगगाडीवाल्याचें होतें. अधिक शक्ति हवी ना, मग इंजिनच मोठें करूं. सहा सिलिंडरांचें साडेसहा लिटरचें इंजिन त्यांनीं अगोदरच काढलें होतें. त्याचीहि एक हकीकत सांगतात. सव्वाचार लिटरच्या नमुन्याची मोटार ते फ्रान्समध्यें रस्त्यावर तपासून पाहात असतां रोल्स रॉइसची तशीच एक गुप्त चाचणी-मोटार गांठ पडली. दोघे मैलोगणती बरोबरीनें धांवले. कोणीच पुढें जाईना. घरीं आल्यावर बेंटले यांनीं सव्वाचाराचे साडेसहा लिटर केले. पुढें १९२७ मध्यें चार सिलिंडरांची साडेचार लिटरची मोटार निघाली, आणि १९२८ सालीं साडेसहा लिटरच्या इंजिनास दोन कार्ब्युरेटर, वाढीव दाब आणि झडपा उघडझांक करणारा सुधारलेला दांडा देऊन ‘स्पीड सिक्स’ तयार झाली. तिची शक्ति सुमारें १८० अश्वशक्ति. येथेंहि तार चढविलीच. पण मोठ्या तंबोऱ्याची आणि बेतानें.

दुसऱ्या पक्षाचे पुढारी होते सर हेन्री बर्किन, मित्रांचे ‘टिम’. नॉटिंगहॅमच्या लेस विणणाऱ्या श्रीमंत घराण्यांत जन्मलेले, महायुद्धांत वैमानिक, बोलतांना अडखळणारे, पण चाक हातीं आलें कीं कशालाहि न अडखळणारे. गळ्याभोंवतीं ठिपक्यांचा रुमाल बांधून ते शर्यतींत उतरत. त्यांना इटलीच्या व जर्मनीच्या मोटारी दिसत होत्या. १९२३ सालीं मोंझा येथें सुपरचार्जर लावलेल्या फियाट मोटारीनें इटलीची ग्रां प्री जिंकली, तेव्हांपासून यूरोपांतील शर्यतींत फुंकणीचें राज्य सुरू झालें होतें. बर्किन यांचें म्हणणें असें कीं, साडेचार लिटरच्या मोटारीस फुंकणी लावा, वजन फारसें न वाढतां शक्ति दीडपट होईल.

बेंटले यांनीं साफ नकार दिला. त्यांच्या मतें हें आपल्या इंजिनाच्या मूळ प्रकृतीच्या विरुद्ध होतें. त्यांनीं तें दीर्घ श्रमासाठीं घडविलें होतें. त्याच्या नरड्यांत हवा कोंबण्यासाठीं नव्हे. परंतु कंपनी आतां त्यांची एकट्याची राहिली नव्हती. १९२६ सालीं ती आर्थिक संकटांत सांपडली असतां वुल्फ बार्नाटो या धनाढ्य गृहस्थानें पैसा ओतून ती वांचविली होती आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे होतें. बर्किन यांनीं बार्नाटोंचें मन वळविलें. ॲमहर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्यानें फुंकणी योजिली. वेल्विन येथें बर्किन यांनीं स्वतःची कर्मशाळा थाटली आणि तिचा खर्च डोरोथी पॅजेट या तरुण, अति श्रीमंत बाईंनीं उचलला. पुढें याच बाई घोड्यांच्या शर्यतींत ‘गोल्डन मिलर’ या घोड्याच्या मालकीण म्हणून प्रसिद्ध झाल्या.

ही फुंकणी रेडिएटरच्या पुढें, मोटारीच्या दोन शिंगांच्या मध्यें बसविलेली होती आणि क्रँकशाफ्टच्या टोंकानें सरळ फिरत असे. मोटार पाहतांच ती दिसे. साध्या साडेचार लिटरची शक्ति सुमारें ११० अश्वशक्ति होती. फुंकणी लावल्यावर रस्त्यावरील मोटारीची १७५ आणि शर्यतीच्या मोटारीची २४० पर्यंत गेली. आंकडे पाहून कोणाचेंहि मन मोहून जावें असे. त्यांतच ल मान्सच्या नियमाप्रमाणें अशा मोटारी निदान पन्नास तरी बनविणें भाग होतें. म्हणजे जो प्रयोग पांच मोटारींत आटोपावयाचा, तो कंपनीस पन्नास गिऱ्हाइकांच्या गळ्यांत बांधावा लागला, आणि तोहि ज्यानें इंजिन निर्मिलें त्याच्या इच्छेविरुद्ध.

१९२९ सालीं ल मान्स येथें स्पीड सिक्स पहिली आली आणि तिच्यामागून तीन साडेचार लिटर मोटारी, फुंकणीवांचूनच्या, दुसरी, तिसरी व चौथी आल्या. विजयी मोटार चालविणारे होते बार्नाटो आणि स्वतः बर्किन. माणसाचा स्वभाव कसा चमत्कारिक असतो पाहा. ज्या मार्गानें विजय मिळाला त्याच मार्गावर बर्किन यांचा विश्वास बसेना.

निकाल लागला तो १९३० च्या जून महिन्यांत. मर्सिडीजची सात लिटरची एकच प्रचंड मोटार आली होती. ती रुडॉल्फ कारात्सिओला आणि क्रिश्चन वेर्नर चालविणार होते. तिलाहि फुंकणी होती. पण ती सदैव चालत नसे. पायाखालची कळ तळापर्यंत दाबली तरच ती इंजिनास जोडली जाई, आणि पाय सैल केला कीं सुटे. म्हणजे जर्मन अभियंत्यांनीं तार चढविली होती ती क्षणभर वाजविण्यासाठीं. रात्रभर ताणून ठेवण्यासाठीं नव्हे. उलट बर्किन यांची फुंकणी इंजिनाबरोबर अखंड फिरत होती.

बेंटलेच्या बाजूनें कारखान्याच्या तीन स्पीड सिक्स आणि पॅजेट बाईंच्या दोन फुंकणीच्या मोटारी होत्या. आरंभींच बर्किन यांनीं कारात्सिओलांना गांठलें. लांब सरळ रस्त्यावर, चाकें कडेच्या गवतांत घालून, टायरची चामडी सोलून निघत असतां त्यांनीं मर्सिडीज मागें टाकली. शर्यतींच्या इतिहासांत हा क्षण अजून सांगितला जातो. हा डांव अगोदर ठरविलेला होता असें कांहींचें म्हणणें. दोन्ही पथकें स्वतंत्र होतीं, हेंहि तितकेंच खरें. परिणाम मात्र स्पष्ट होता. रात्रीं मर्सिडीजचे दिवे मंदावले आणि ती मागें घेण्यांत आली. शर्यत संपण्यापूर्वीं दोन्ही फुंकणीच्या मोटारींचीं इंजिनेंहि मोडलीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं बार्नाटो व ग्लेन किड्स्टन यांची स्पीड सिक्स पहिली आणि क्लेमंट व वॉटनी यांची दुसरी आली. चोवीस तासांच्या मैफलींत बेताच्या सुरानें गाणारा शेवटपर्यंत गात राहिला.

मग बर्किन सर्वस्वीं चुकले काय? असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पो येथें फ्रान्सची ग्रां प्री झाली. तेथें हलक्या, चपळ बुगाटी मोटारींच्या मेळ्यांत बर्किन आपली ती अवजड मोटार घेऊन उतरले आणि दुसरे आले. ती शर्यत चोवीस तासांची नव्हती. ब्रुकलँड्स येथें एकट्याच्या बैठकीच्या फुंकणी-मोटारीनें त्यांनीं मार्च १९३२ मध्यें ताशी १३७.९६ मैलांच्या वेगानें फेरी मारली. हा विक्रम १९३४ पर्यंत टिकला. एका फेरीच्या गाण्यास ती तार योग्य होती. एकाच कामासाठीं योग्य असलेली पायरी दुसऱ्या कामास लावली, एवढीच त्यांची चूक.

आणि बेंटले यांचा मार्ग तरी निर्वेध होता काय? तसेंहि नाहीं. दर वेळीं इंजिन मोठें करावयाचें म्हणजे लोखंड, ॲल्युमिनियम, टायर आणि मजुरी हीं सर्वच वाढावयाचीं. १९३० सालीं त्यांनीं आठ लिटरची मोटार काढली. ती अप्रतिम होती. पण तोंवर अमेरिकेंतील १९२९ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्याची लाट इंग्लंडवर येऊन आदळली होती. आठ लिटरच्या अवघ्या शंभर मोटारी बनल्या. फुंकणीच्या पन्नास मोटारींत गुंतलेला पैसा आणि आठ लिटरच्या शंभर मोटारींत गुंतलेला पैसा, दोन्ही एकाच तिजोरींतून गेले होते. १९३१ च्या जुलैंत बार्नाटोंनीं हात आखडला आणि कंपनी दिवाळखोरीच्या दारांत आली. नेपियर कंपनीशीं बोलणीं जवळजवळ पक्कीं झालीं असतां एका त्रयस्थ संस्थेनें अधिक बोली करून कारखाना घेतला; पडद्याआड होती रोल्स रॉइस. ज्या कंपनीच्या मोटारीशीं फ्रान्सच्या रस्त्यावर झुंज झाली होती, तीच आतां मालक झाली, आणि नांवासकट बेंटलेहि तिच्या नोकरींत गेले. १९३५ सालीं ते तेथून लागोंडा कंपनींत गेले, आणि १९७१ सालीं वारले. बर्किन त्यांच्या फार आधीं गेले. मे १९३३ मध्यें त्रिपोली येथील शर्यतींत तापलेल्या नळीनें त्यांचा हात भाजला, रक्त दूषित झालें आणि जूनमध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

काळानें मात्र या वादावर एक विनोदी शेरा मारून ठेवला आहे. बर्किन यांची ती एकट्याच्या बैठकीची मोटार २०१२ सालीं इंग्लंडांत लिलावांत निघाली तेव्हां तिला पन्नास लाख पौंडांहून अधिक किंमत आली. २०१९ सालीं बेंटले कंपनीनें जुन्या आराखड्यांवरून फुंकणीच्या बारा नव्या मोटारी बनविण्याचें जाहीर केलें. ज्या मोटारीचा बेंटले यांना मनापासून तिटकारा होता, तिच्याच चित्रानें त्यांचें नांव आज घरोघर ओळखलें जातें. मनुष्याच्या स्मरणांत राहतो तो पराक्रम. हिशेब राहत नाहीं.

परंतु आपल्याला मोटार स्मरणांत ठेवावयाची नसून रस्त्यावर चालवावयाची आहे. म्हणून या कथेंतून मी स्वतःपुरतें एवढेंच घेतों. पायरी निवडण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. हें इंजिन मुळांत कोणत्या कामासाठीं घडविलें? मला गाणें किती वेळ म्हणावयाचें आहे? आणि तार तुटली तर ती कोणाच्या हातावर बसणार? निळी पट्टी लाजिरवाणी नव्हती आणि हिरवी पट्टी गैर नव्हती. दोहोंच्याहि मागें बनविणारानें आपली सही केली होती. फुंकणीच्या मोटारीमागें ती सही नव्हती. ज्यानें यंत्र घडविलें त्याची सही जेथें संपते, तेथून पुढची पायरी आपल्या जबाबदारीवर चढावयाची असते. ती चढूं नये असें मी म्हणत नाहीं. बर्किन चढले, आणि तीं चार-दोन मिनिटें मोटारींच्या इतिहासांत अमर झालीं. पण त्यांच्या मागच्या बैठकीवर मुलेंबाळें नव्हतीं, आणि आपल्यापैकीं बहुतेकांच्या मागच्या बैठकीवर तीं असतात.